डेस्कटॉप ऑनलाइन कुठून घ्यायचा? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

किंमत कुठल्याही साइटवर दिसते. बिल कोणाच्या नावाने फाटणार आणि सहा महिन्यांनी मशीन बंद पडलं तर ते कोण उचलणार, हे मात्र शोधावं लागतं. खालचे बहुतेक प्रश्न फिरून फिरून तिथेच येतात. घरगुती वापर, कॉलेजची मुलं, छोटं ऑफिस आणि थोडंफार गेमिंग असणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत.

ऑनलाइन म्हणजे नेमके पर्याय तरी कोणते?

ढोबळमानाने चार. पहिला, कंपनीची स्वतःची साइट: डेल, एचपी, लेनोव्हो, ॲपल. दुसरा, ॲमेझॉन-फ्लिपकार्टसारखा बाजार, जिथे विकणारे हजार आणि साइट फक्त मधली. तिसरा, क्रोमा, विजय सेल्स, रिलायन्स डिजिटल यांच्या साइट. यांचं दुकानही शहरात असतं, म्हणून भांडायला जागा असते. चौथा, पार्ट विकणारी खास दुकानं: मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचं प्राइमएबीजीबी, कोलकात्याची एमडी कंप्युटर्स आणि वेदांत कंप्युटर्स, चेन्नईचा आयटी डेपो, दिल्लीच्या नेहरू प्लेसमधलं एसएमसी इंटरनॅशनल. असेंबल्ड मशीन करणारे बहुतेक लोक शेवटच्या गटातूनच घेतात. तिथे प्रत्येक पार्टचं मॉडेल पूर्ण लिहिलेलं असतं आणि पाहिजे तर मशीन जोडून, तपासून पाठवतात.

ॲमेझॉन किंवा फ्लिपकार्टवरून घेतला तर ‘कंपनीकडून’ घेतल्यासारखंच ना?

नाही. मोठी नावं साइटची असतात, बिल मात्र ‘अमुक एंटरप्रायझेस’चं येतं. किमतीच्या आसपास बारीक अक्षरांत विक्रेत्याचं नाव असतं, आधी त्यावर टिचकी मारा. रेटिंग किती हे तर बघाच, पण किती जणांनी दिलंय आणि गेल्या तीन महिन्यांतले लोक काय म्हणतात तेही वाचा. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार विक्रेत्याचं नाव, पत्ता, ग्राहक सेवेचा तपशील आणि वस्तू कोणत्या देशात बनली हे दाखवणं बंधनकारक आहे. पत्ता गायब असेल किंवा मोबाइलची कव्हरं, मिक्सर आणि डेस्कटॉप सगळं एकाच नावाने विकलं जात असेल, तर पुढे जा.

अजून एक सवय लावून घ्या. ‘परत घेऊ’ आणि ‘बदलून देऊ’ यांत फरक असतो. डेस्कटॉपवर बऱ्याचदा फक्त बदलून मिळतो, तोही सात किंवा दहा दिवसांत, आणि त्याआधी कंपनीचा माणूस येऊन तपासणार अशी अट असते. ऑर्डर टाकायच्या आधी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण नंतर पान बदलतं.

“कोअर आय५, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, २० इंची मॉनिटर, कीबोर्ड-माउस, वायफाय, सगळं मिळून १५ हजारांत.” घेऊ का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अशी जाहिरात उघडा आणि खाली तपशिलाच्या तक्त्यापर्यंत जा. वर ठळक अक्षरांत ‘आय५’ असतं, पण पिढी लिहिलेली नसते. तक्त्यात कुठेतरी सापडतं: वेग ३.२ गीगाहर्ट्झ, बोर्ड एच६१, रॅम डीडीआर३. इथे सगळी कुंडली कळते. एच६१ हा २०११ सालचा चिपसेट, म्हणजे मदरबोर्डवरची मुख्य चिप. त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर बसतात आणि ३.२ म्हणजे बहुधा आय५-३४७०, जो २०१२ मध्ये आला. कॅबिनेट नवं, एसएमपीएस (आतल्या पार्टांना वीज देणारा डबा) नवा, बोर्डसुद्धा आत्ता बनवलेला असू शकतो. प्रोसेसर मात्र कुठल्यातरी ऑफिसच्या जुन्या मशीनमधून काढलेला. वरून ‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ म्हणून जीटी ७३० लावलं की जाहिरातीला ‘गेमिंग पीसी’ म्हणायला मोकळे.

या मशीनवर टॅली चालेल, यूट्यूब चालेल, मुलांचे ऑनलाइन क्लास होतील. फसवणूक आहे ती नव्याच्या नावाखाली जुनं विकण्यात. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, हे मशीन त्यात बसत नाही. आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

पिढी ओळखायची पद्धत सोपी आहे. आय५ नंतरच्या आकड्यातले शेवटचे तीन अंक झाका, उरेल ती पिढी. ३४७० म्हणजे तिसरी, ८५०० म्हणजे आठवी, १२४०० म्हणजे बारावी. आकडाच लिहिलेला नसेल तर विक्रेत्याला विचारत बसू नका, त्याला तो लिहायचा नाही म्हणूनच लिहिलेला नाही. (अलीकडे इंटेलने ‘आय’ काढून ‘कोअर ५’, ‘कोअर अल्ट्रा ५’ अशी नावं दिली आहेत, तिथे ही युक्ती चालत नाही. पण १५ हजारांत ते मिळणारही नाहीत.)

आकड्यानंतरचं अक्षरही बघा. १२४०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे, १२४००एफ मध्ये नाही. ‘एफ’वाला घेतला आणि वेगळं कार्ड नसेल तर मॉनिटर काळाच राहणार. एएमडीच्या रायझनमध्ये ५६००जी ला चित्र दिसतं, नुसत्या ५६०० ला कार्ड लागतं.

मग रिफर्बिश्ड (वापरलेलं, दुरुस्त करून पुन्हा विकलेलं) घेऊच नये का?

घ्या, पण उघड्या डोळ्यांनी. मोठ्या कंपन्या ठरावीक वर्षांनी मशीन बदलतात. ती डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोव्हो थिंकसेंटर अशी ऑफिसची मशीन बाजारात येतात. बांधणी दणकट असते. आय५-८५०० किंवा पुढचा, किमान ८ जीबी रॅम, नवी एसएसडी, आणि विक्रेत्याची निदान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी: एवढं मिळत असेल तर घरच्या कामासाठी हा व्यवहार मला नव्या स्वस्त मशीनपेक्षा बरा वाटतो. फक्त या छोट्या कॅबिनेटमध्ये पुढे मोठं ग्राफिक्स कार्ड टाकायचं स्वप्न बघू नका. जागा नसते आणि एसएमपीएस कंपनीच्या खास मापाचा असतो.

ब्रँडेड की असेंबल्ड?

घरात स्क्रू उघडणारं कोणी नसेल तर ब्रँडेड. काही बिघडलं तर एकच फोन, एकच सीरियल नंबर, आणि ‘ऑनसाइट’ वॉरंटी असेल तर माणूस घरी येतो. गेमिंग, व्हिडिओ एडिटिंग, आर्किटेक्चरचं काम असेल तर असेंबल्ड. त्याच पैशात जास्त ताकद मिळते आणि नंतर एकेक पार्ट बदलता येतो.

ॲपलचा मॅक मिनी हा तिसरा रस्ता. एम४ चिपचा, १६ जीबी रॅमचा मॅक मिनी २०२४ च्या अखेरीस ५९,९०० रुपयांना आला, विद्यार्थ्यांसाठी ४९,९०० ला. मॉनिटर, कीबोर्ड, माउस वेगळे घ्यावे लागतात. त्यावर टॅली आणि बऱ्याच सरकारी साइटची जुनी सॉफ्टवेअरं नीट चालत नाहीत, सीएच्या ऑफिसने हे आधी तपासावं.

लॅमिंग्टन रोडला स्वतः गेलो तर स्वस्त पडेल का?

दहा वर्षांपूर्वी पडायचं. आता तिथलीच दुकानं ऑनलाइन विकतात आणि भाव जवळपास तोच सांगतात. ग्रँट रोड स्टेशनला उतरून दुकानं फिरण्याचा फायदा वेगळा आहे: कॅबिनेट हातात घेऊन पत्रा किती पातळ ते कळतं, तीन-चार पार्ट एकत्र घेतले तर थोडं कमी होतं, आणि मशीन समोर चालू करून मिळतं. पुण्या-नाशिकहून गाडीखर्च करून जाण्याइतका फरक मात्र पडत नाही. “बिल नको असेल तर १८ टक्के कमी” अशी ऑफर तिथे आजही कानावर येते. ती घेतलीत तर वॉरंटी विसरा.

वॉरंटी दुकान देतं की कंपनी?

असेंबल्डमध्ये प्रत्येक पार्टची वेगळी, आणि बहुतेक वेळा ती देते भारतात तो माल आणणारी वितरक कंपनी. मुंबईची राशी पेरिफेरल्स, चेन्नईची रेडिंग्टन ही त्यातली मोठी नावं. दुकानदार “आरएमएला टाकलंय” म्हणतो तेव्हा पार्ट बदलून घ्यायला अशा कंपनीच्या सेवा केंद्राकडे गेलेला असतो. म्हणून तीन गोष्टी बघायच्या.

बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर आहे का. ‘कॉम्प्युटर सेट, १ नग’ असं बिल वॉरंटीसाठी कुचकामी.

प्रोसेसर बॉक्स पीस आहे की ट्रे पीस. खोक्यातल्या इंटेल-एएमडी प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षं मिळतात. ट्रे पीसला, म्हणजे खोक्याविना सुट्या विकलेल्याला, बहुधा विक्रेत्याची, आणि तो म्हणेल तेवढी. हजार-दीड हजार वाचतात, पण मी बॉक्सच सुचवतो.

पार्ट अधिकृतपणे भारतात आलेला आहे का. ग्राफिक्स कार्ड बाजारभावापेक्षा फारच स्वस्त असेल तर ते बाहेरून परस्पर आणलेलं असू शकतं. इथलं सेवा केंद्र सीरियल नंबर बघून हात वर करतं. खोक्यावर आयातदाराचं स्टिकर, त्यावर पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत असते, ते शोधा.

आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. इथपर्यंत येईल का?

मार्केटप्लेसचं सामान आता बहुतेक पिनकोडला पोचतं. पार्टवाल्या दुकानांचं कुरिअर मात्र काही ठिकाणी जिल्ह्याच्या गावीच थांबतं आणि “ऑफिसमधून घेऊन जा” असा फोन येतो. ऑर्डरआधी पिनकोड टाकून बघा, शंका असेल तर दुकानाला विचारा. खरा प्रश्न पुढचा आहे: ऑनसाइट सेवा तुमच्या पिनकोडला आहे का? कागदावर ‘दुसऱ्या कामाच्या दिवशी’ असलं तरी देवरुखला किंवा धडगावला माणूस त्या वेळेत येईलच असं नाही. कंपनीच्या सेवा विभागाला आधी फोन करून पिनकोड सांगा आणि जवळचं केंद्र कोणतं ते विचारा. उत्तर ‘कोल्हापूर’ आलं तर मशीन तिथपर्यंत नेण्याची तयारी ठेवा, नाहीतर गावातल्या माहितीच्या दुकानदाराकडून त्याच कंपनीचं मशीन घ्या. हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील.

कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात मशीन आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. दमट हवेने रॅमच्या खाचेत आणि पोर्टवर गंज धरतो, आणि गंजलेला पार्ट वॉरंटीत घेत नाहीत.

खोका दारात आला. आता काय करायचं?

आधी ओटीपी देऊ नका. खोक्याच्या सहाही बाजू बघा. कोपरा चेपलेला असेल, टेप दोनदा लावलेली असेल तर डिलिव्हरीवाल्यासमोर फोटो काढा. ‘ओपन बॉक्स’ डिलिव्हरीची सोय असेल तर तीच निवडा, तो समोर उघडून दाखवतो आणि मगच ओटीपी घेतो.

नंतर व्हिडिओ. मुलाच्या हातात फोन द्या आणि सुरुवात पत्त्याच्या लेबलपासून करा. न तोडता, न थांबवता, सीलबंद खोका ते आतली वस्तू असं एकच चित्रण पाहिजे. बरीच दुकानं याशिवाय तक्रार ऐकतच नाहीत.

जोडून आलेलं मशीन असेल तर वायर लावायची घाई करू नका. बाजूचं झाकण उघडा. आत फुगलेला फोम किंवा हवेच्या पिशव्या भरलेल्या असतात. त्या तशाच ठेवून चालू केलं तर पंखे अडकतात. पिशव्या काढल्यावर ग्राफिक्स कार्ड वाकलंय का, प्रोसेसरवरचा कूलर हलतोय का ते बोटाने हळूच बघा. जड कार्ड प्रवासात हिंदकळून बोर्डाची खाच उचकटल्याची मशीन मी पाहिली आहेत. म्हणूनच लांबून जोडलेलं मशीन मागवताना कार्ड वेगळ्या खोक्यात पाठवायला सांगावं. ते शेवटी खाचेत दाबून स्क्रू मारायला पाच मिनिटं लागतात.

पार्ट सुटे आले असतील तर मदरबोर्ड सगळ्यात नाजूक. इंटेलच्या आणि एएमडीच्या एएम५ बोर्डांवर सॉकेटमध्ये केसांसारख्या बारीक पिना असतात. वरची प्लॅस्टिकची टोपी काढल्याबरोबर, प्रोसेसर ठेवायच्या आधी, टॉर्च तिरपा धरून पिनांच्या रांगा बघा आणि तेही व्हिडिओत येऊ द्या. एखाद्या ठिकाणी चमक वेगळी दिसली तर तिथली पीन वाकली आहे. वाकलेली पीन वॉरंटीत बसत नाही, आणि प्रोसेसर लावून झाल्यावर ती तुम्हीच वाकवली असं म्हटलं जातं.

पैसे कसे भरावेत?

अनोळखी दुकान असेल तर क्रेडिट कार्ड, कारण वस्तू आलीच नाही तर बँकेकडे व्यवहारावर हरकत घेता येते. यूपीआयने स्वतःहून पाठवलेले पैसे परत आणणं अवघड. काही पार्टवाली दुकानं कार्डावर दोनेक टक्के जास्त लावतात. पहिल्या व्यवहाराला ते द्या, ओळख झाली की यूपीआय किंवा एनईएफटी.

बिनव्याजी हप्त्यातही व्याज असतं. ते सवलत म्हणून आधी कापतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेचं प्रोसेसिंग शुल्क तुमच्या स्टेटमेंटवर येतं.

व्हॉट्सॲपवर किंवा इन्स्टाग्रामवर “आगाऊ निम्मे भरा, कारखान्यातून थेट” म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. दिलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

माझ्या दुकानाच्या नावाने जीएसटी बिल मिळतं का?

मिळतं, पण आपोआप नाही. ऑर्डर टाकतानाच जीएसटी क्रमांक घालावा लागतो, नंतर बदलून द्यायला विक्रेते तयार नसतात. कॉम्प्युटरवर १८ टक्के कर आहे. विक्रेता महाराष्ट्रातला असेल तर ९ अधिक ९, बाहेरचा असेल तर आयजीएसटी. इनपुट क्रेडिट दोन्हीचं मिळतं.

दसरा-दिवाळीच्या सेलपर्यंत थांबू का?

ब्रँडेड मशीन आणि मॉनिटरसाठी थांबायला हरकत नाही, बँकेच्या कार्डाची सूट त्या वेळी खरीच असते. मात्र कापलेली ‘मूळ किंमत’ बघून हुरळू नका. कीपासारख्या साइटवर ॲमेझॉनच्या वस्तूचा जुना भाव आलेखात दिसतो, त्यावरून ठरवा. सुट्या पार्टांचं गणित वेगळं. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यावर रॅमचे भाव झपाट्याने चढले, एसएसडीही महागल्या. अशा काळात सकाळचं कोटेशन संध्याकाळी राहत नाही आणि सेलची वाट बघणारा तोट्यात जातो. रॅम आणि एसएसडीची गरज आज असेल तर आज घ्या.

“विंडोज आणि ऑफिस फुकट टाकून देतो” म्हणतात. चांगलंच ना?

ते बहुतेक चोरीचं असतं. तीनशे-चारशे रुपयांची ‘की’ही त्यातलीच, आज चालते आणि काही महिन्यांनी कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट करा’ असं उमटतं. ब्रँडेड मशीनमध्ये विंडोज अधिकृत आहे का ते तपशिलात लिहिलेलं असतं. तिथे ‘डॉस’ किंवा ‘उबुंटू’ असेल तर विंडोजचा खर्च वेगळा धरा. फक्त ब्राउझर, पत्रलेखन आणि मराठी टायपिंग असेल तर लिनक्स मिंट फुकट आहे आणि पुरतं.

भाचा अमेरिकेहून येतोय, त्याला आणायला सांगू?

लॅपटॉप असता तर गोष्ट वेगळी. प्रौढ प्रवाशाला एका लॅपटॉपवर सीमाशुल्क माफ आहे, डेस्कटॉपला ती सवलत नाही. वर तिथली वॉरंटी इथे चालेलच असं नाही. त्याला बदाम-पिस्ते आणायला सांगा.

मॉनिटर आणि यूपीएस त्याच साइटवरून घेऊ का?

मॉनिटर घ्या, पण मृत पिक्सेलबद्दल कंपनीचं धोरण वाचून. एक-दोन ठिपके असतील तर बऱ्याच कंपन्या बदलून देत नाहीत. यूपीएस गावातच घ्या. आत शिशाची जड बॅटरी असते, दोन-तीन वर्षांनी ती बदलावी लागतेच, आणि त्या वेळी कुरिअरपेक्षा चौकातला बॅटरीवाला कामाचा. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला ६०० व्हीए पुरतो. विजांच्या दिवसांत अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्या, जळालेल्या बोर्डाला कुठलीच कंपनी वॉरंटी देत नाही.

खराब मशीन आलं आणि विक्रेता “नो रिटर्न” म्हणतोय. काही करता येतं?

येतं. सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळी वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, हे त्याच २०२० च्या नियमांत आहे. ‘नो रिटर्न’ची पाटी तिथे चालत नाही. आधी साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, मराठीत बोलता येतं. अनेक प्रकरणं इथेच मिटतात, कारण मोठ्या साइटना तिथून थेट विचारणा होते.

तरी हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असला तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही आणि अर्ज ई-जागृती पोर्टलवर भरता येतो. मुदत दोन वर्षांची. बिल, ऑर्डर टाकतानाचा स्क्रीनशॉट, खोका उघडतानाचा व्हिडिओ आणि झालेला पत्रव्यवहार सोबत जोडा. फोनवर बोलणं झालं असेल तर त्याच दिवशी “आपल्या आजच्या बोलण्यानुसार” असं लिहून ईमेल टाका, म्हणजे तेही कागदावर येतं.